ओस्पिताल दे ओर्बिगोला मुक्काम करावा का?

साठी ओलांडलेले आपण उभयता सप्टेंबरात कामिनो फ्रान्सेसचा, म्हणजे स्पेनमधील सांतियागो दे कोम्पोस्तेला या तीर्थक्षेत्राकडे जाणाऱ्या पायी यात्रेच्या वाटेचा, लेओन ते आस्तोर्गा एवढाच टप्पा चालणार आहात, आणि वाटेतील ओस्पिताल दे ओर्बिगो या नदीकाठच्या लहान गावात रात्र काढावी की पूल पाहून त्याच दिवशी आस्तोर्गा गाठावे, असे आपण विचारले आहे. मुक्काम करावा, असे माझे स्पष्ट मत आहे. या गावाबद्दल ‘पूल सुंदर आहे, बाकी काही नाही’ असा शेरा नेहमी ऐकू येतो, तो बहुधा भर दुपारी पाठीवर ओझे घेऊन पूल ओलांडून गेलेल्यांचा असतो. हा पूल वरून चालताना कळत नाही. तो खाली उतरून, नदीच्या पात्रातून पाहावा लागतो, आणि त्यासाठी संध्याकाळ हाताशी असावी लागते.

पूल प्रामुख्याने तेराव्या शतकातील आहे, मात्र त्याआधी याच जागी रोमन काळातील पूल होता. सुमारे २० कमानींचा हा पूल सरळ रेषेत न जाता मध्ये वळतो. त्याच्या कमानीही एकसारख्या नाहीत: काही टोकदार आहेत, काही अर्धगोल, आणि दगडांचा रंग व घडणही ठिकठिकाणी बदलते, कारण पुराने किंवा युद्धाने जो भाग पडला तो त्या त्या काळाच्या पद्धतीने पुन्हा उभारला गेला. नेपोलियनविरुद्धच्या युद्धात फ्रेंच सैन्याची वाट अडवण्यासाठी टोकाकडील काही कमानी मुद्दाम पाडण्यात आल्या होत्या. खाली उभे राहून एकेक कमान पाहत गेलात, तर ही डागडुजी डोळ्यांनीच ओळखता येते.

पहिल्यांदा पाहणाऱ्याला पडणारा प्रश्न वेगळाच असतो. एवढ्याशा नदीला एवढा लांब पूल कशासाठी? आज बहुतेक कमानींखाली पाणी नाही, गवत आणि गोटे आहेत, आणि नदी एका बाजूच्या मोजक्या कमानींखालून निमूटपणे जाते. याचे कारण उत्तरेकडील डोंगरात आहे. लुना आणि ओमान्या या दोन नद्यांच्या संगमातून ओर्बिगो तयार होते, आणि त्यांपैकी लुनावर बारिओस दे लुना येथे १९५६ साली धरण झाले. तोपर्यंत बर्फ वितळू लागले की पुराचे पाणी रुंद पात्रभर पसरत असे. आता ते धरणात साठते आणि कालव्यांनी शेतांना जाते. धरणाखाली डोंगरातील अनेक गावे बुडाली, खालचे माळ मात्र ओलिताखाली आले. आपण आदल्या दिवशी ज्या मक्याच्या शेतांमधून चालत याल, ती याच पाण्यावर उभी आहेत. कोयना, उजनीचा इतिहास माहीत असलेल्या आपल्यासारख्यांना या व्यवहाराचा दोन्ही बाजूंचा हिशोब समजावून सांगण्याची गरज नाही.

पुलाची कीर्ती मात्र पाण्यामुळे नाही, १४३४ सालच्या एका विलक्षण प्रकारामुळे आहे. सुएरो दे किन्योनेस हा लेओनचा तरुण सरदार एका स्त्रीच्या प्रेमात होता आणि त्या प्रेमबंधनाची खूण म्हणून दर गुरुवारी गळ्यात लोखंडी कडे घालत असे. या बंधनातून सुटण्यासाठी त्याने कॅस्टिलचा राजा दुसरा हुआन याच्याकडे परवानगी मागितली, ती अशी: सांतियागो (सेंट जेम्स) या संताच्या सणाच्या, म्हणजे २५ जुलैच्या, आधी पंधरा आणि नंतर पंधरा दिवस तो आणि त्याचे नऊ साथीदार या पुलाजवळ तळ ठोकतील, येणाऱ्या प्रत्येक सरदाराला घोड्यावरील भाल्याच्या झुंजीचे आव्हान देतील, आणि तीनशे भाले मोडले की सुएरो मुक्त होईल. ते वर्ष सांतियागोचे पवित्र वर्ष होते, म्हणजे यात्रेकरूंची वर्दळ सर्वाधिक असण्याचे, आणि पूल तर यात्रेच्या मुख्य वाटेवरचा. राजाने परवानगी दिली. १० जुलै ते ९ ऑगस्ट झुंजी चालल्या, एका नोटरीने प्रत्येक झुंजीची तपशीलवार नोंद ठेवली, आणि म्हणूनच ही केवळ दंतकथा न राहता कागदोपत्री इतिहास झाली. भाले मोडले गेले १६६. सुएरो आणि त्याचे बहुतेक साथीदार जखमी झाले होते, तेव्हा पंचांनी अट पुरी झाल्याचे मान्य करून गळ्यातील कडे काढायला लावले.

कथा रंगवून सांगणारे एक गोष्ट बहुधा गाळतात. अरागोनचा एक सरदार या झुंजीत डोळ्यात भाला घुसून मरण पावला, आणि अशा खेळात गेलेला जीव म्हणून चर्चने त्याला धार्मिक दफन नाकारले. सुएरो पुढे सांतियागोला गेला आणि त्याने तेथे वाहिलेले सोन्याचे आभूषण आजही कॅथेड्रलमधील एका संताच्या अर्धपुतळ्याच्या गळ्यात आहे. स्वतः सुएरो १४५८ साली मारला गेला, आणि मारणारा सरदार याच पुलावरील झुंजींत त्याच्याविरुद्ध उतरला होता. पुलावर या प्रसंगाचे स्मारक म्हणून दगडी स्तंभ आहेत. त्यांच्यापाशी छायाचित्रासाठी थांबाच, पण झुंजीचे मैदान खाली, कोरड्या पात्रालगत आहे, तिकडे नक्की जा.

जूनच्या पहिल्या शनिवार-रविवारी गावकरी मध्ययुगीन वेश करून तेथेच झुंजींचा उत्सव भरवतात. उत्साह मोठा असतो, गर्दी त्याहून मोठी असते, आणि खोल्या फार आधीच संपतात. आपण सप्टेंबरात जात आहात हे माझ्या मते बरेच झाले.

गाव खरे तर जोडगाव आहे. आपण ज्या पूर्वेच्या बाजूने येता तेथे पुएन्ते दे ओर्बिगो ही जुनी वस्ती आहे. पूल ओलांडल्यावर पश्चिमेला ओस्पिताल, जेथे जेरुसलेमच्या सेंट जॉनच्या सरदारसंघाने यात्रेकरूंसाठी आश्रयस्थान चालवले होते. ते आश्रयस्थान आता उरलेले नाही, सान हुआन बाउतिस्ताचे चर्च आहे. एक मुख्य रस्ता, दोन्हीकडे जुनी घरे, दोन-चार आल्बेर्गे (यात्रेकरूंच्या साध्या धर्मशाळा), काही साधी हॉटेले, औषधांचे दुकान, किराणा, बेकरी, एवढाच पसारा. दुपारी दोन ते पाच सारे बंद असते आणि रविवारी दुकाने उघडण्याची आशा धरू नये, म्हणून फळे, दही, पाव आदल्या दिवशीच घेऊन ठेवावेत.

दुपारी पोहोचल्यावर आंघोळ, कपडे धुणे आणि झोप उरकून सहाच्या पुढे बाहेर पडा. सप्टेंबरच्या मध्यात तेथे सूर्य साडेआठच्या सुमारास मावळतो, त्यामुळे वेळ भरपूर मिळतो. ओस्पितालच्या बाजूने खाली उतरून मैदानातून कमानींच्या कडेने चालत पाण्यापर्यंत जावे. तिरप्या उन्हात कमानींच्या आतला भाग उजळतो आणि गवंड्याच्या छिन्नीच्या खुणा दिसू लागतात, ज्या दुपारी अजिबात दिसत नाहीत. नदीकाठी पॉप्लरची दाट राई आहे आणि सावलीत बसण्याजोगी जागा आहे. पाणी जुलैतही गार असते, सप्टेंबरात तर अधिकच, तेव्हा पाय बुडवण्यापलीकडे जाऊ नये. पुलावरची फरसबंदी नदीच्या गोट्यांची आहे. दिवसभर चाललेल्या तळव्यांना ती चांगलीच टोचते, म्हणून संध्याकाळी पातळ चपला घालून जाऊ नका.

आपण शाकाहारी आहात, तेव्हा जेवणाबद्दल थोडे स्पष्टच लिहितो. गावची ख्याती ट्राउट माशाच्या सूपची, आणि लेओन प्रांताची सेसिनाची, म्हणजे खारवून वाळवलेल्या गोमांसाची. मसूर किंवा घेवड्याच्या रश्श्यात चोरिसो हे डुकराच्या मांसाचे सॉसेज असतेच असे समजा. ‘एन्सालादा मिक्स्ता’ या नावाच्या कोशिंबिरीत ट्यूना येतो, आणि लसणाच्या सुपात हॅमचे तुकडे असू शकतात. ‘सिन कार्ने, सिन हामोन, सिन पेस्कादो’, म्हणजे मांस नको, हॅम नको, मासा नको, ही तिन्ही वाक्ये म्हणावी लागतात, कारण तेथे नुसते ‘मांस नको’ म्हटले तर हॅम वगळला जाईलच असे नाही. अंडे चालत असेल तर बटाट्याची तोर्तिया, म्हणजे अंडे-बटाट्याचे जाड ऑम्लेट, हा सर्वांत भरवशाचा पदार्थ. रात्रीचे जेवण आठच्या आधी क्वचितच मिळते. स्वयंपाकघर असलेली आल्बेर्गे निवडल्यास भात-भाजी करून घेता येते. मी स्वतः तेच करतो.

आता वाटेविषयी. लेओनहून साधारण आठ किलोमीटरवर ला विर्खेन देल कामिनो येथे वाट फुटते. उजवीकडची वाट वियादांगोसवरून राष्ट्रीय महामार्गाच्या कडेकडेने जाते. अंतर थोडे कमी, पण ट्रकांचा आवाज सोबतीला. डावीकडची वाट वियार दे मासारिफेवरून शेतांतून जाते. आपण डावीकडचीच घ्यावी. पहिल्या दिवशी सुमारे २२ किलोमीटर चालून मासारिफेला मुक्काम, दुसऱ्या दिवशी सुमारे १५ किलोमीटर चालून ओस्पिताल, आणि तिसऱ्या दिवशी सुमारे १७ किलोमीटरवर आस्तोर्गा, अशी विभागणी साठीच्या पायांना मानवते. लेओनच्या बाहेरचा पहिला भाग औद्योगिक वस्तीचा आणि कंटाळवाणा आहे. तो बसने ओलांडला तर कोणी जाब विचारत नाही. मासारिफेनंतरचा रस्ता सरळसोट आणि बहुतांशी बिनसावलीचा आहे. सूर्योदय आठच्या सुमारास होत असला तरी डोक्यावरचे विजेरी दिवे लावून सातला निघावे. हा प्रदेश समुद्रसपाटीपासून ८०० मीटरहून उंच असल्याने पहाटे स्वेटर लागतो आणि दुपारी टोपी.

आपण वारीचा उल्लेख केला आहे, म्हणून एवढे सांगतो की सामूहिक चालीची अपेक्षा ठेवून जाऊ नये. येथे दिंडी नाही, नामघोष नाही, प्रत्येकजण आपल्या गतीने, बहुतेकदा एकटा चालतो, आणि गप्पा होतात त्या संध्याकाळच्या जेवणाच्या टेबलावर. यात्रेकरूचे क्रेदेन्सियाल, म्हणजे शिक्के घेण्याची पुस्तिका, लेओनमध्येच घ्या. आल्बेर्गेत राहण्यासाठी ती लागते. मात्र सांतियागोचे प्रमाणपत्र या टप्प्यावर मिळणार नाही. त्यासाठी पायी चालणाऱ्याला सांतियागोपर्यंतचे किमान शंभर किलोमीटर चालावे लागतात, आणि ओस्पितालहून सांतियागो पावणेतीनशे किलोमीटरच्या पुढे आहे.

ज्यांना अजिबात चालायचे नाही त्यांच्यासाठी लेओन-आस्तोर्गा बस गावात थांबते, आणि माद्रिदहून लेओनपर्यंत वेगवान रेल्वे आहे. शनिवार-रविवारी बसच्या फेऱ्या कमी होतात, तेव्हा परतीची वेळ आधी पाहून ठेवावी.

शेवटच्या सकाळी गावाबाहेर पुन्हा वाट फुटते. सरळ गेलात तर महामार्ग लागतो. उजवीकडे वळलात तर वियारेस आणि सांतिबान्येस या दोन खेड्यांतून, हॉप्सच्या आणि भाजीच्या मळ्यांच्या कडेने, मग ओकच्या विरळ रानातून वाट चढत जाते आणि सांतो तोरिबिओच्या दगडी क्रूसापाशी आस्तोर्गाचे कॅथेड्रल समोर दिसू लागते. उजवीकडेच वळा. फक्त सांतिबान्येसनंतर आस्तोर्गाआधीच्या सान हुस्तो या गावापर्यंतच्या सात-आठ किलोमीटरांत गाव नाही, तेव्हा पाण्याच्या बाटल्या सांतिबान्येसमध्येच भरून घ्या.