गॅस भरण्याआधी फॅन बघा

प्रश्न : हिंजवडीच्या कोंडीत गाडी उभी राहिली की एसीतून कोमट हवा येते. द्रुतगती मार्गावर मात्र मस्त गार. गॅस संपलाय का?

संपला असता तर वेगातही गारवा आला नसता. थोडा कमी असू शकतो, पण आधी पुढचा फॅन बघा. एसीचा कंडेन्सर (गॅसची उष्णता बाहेर टाकणारी जाळी) इंजिन गार ठेवणाऱ्या रेडिएटरच्या पुढेच बसवलेला असतो. गाडी धावताना समोरचा वारा दोघांना थंड करतो. उभ्या गाडीत ते काम एकट्या फॅनवर येतं. त्यात कंडेन्सरमधून गरम झालेली हवा रेडिएटरवर जाते आणि बॉनेटखालची धग फिरून पुन्हा पुढे येते.

बॉनेट उघडून इंजिन आणि एसी चालू करा, हात पात्यांपासून लांब ठेवा. मिनिटभरात फॅन फिरायला हवा. बऱ्याच गाड्यांत त्याचे दोन वेग असतात. वेग कमी करणारा रेझिस्टर जळला की कमी वेग बंद पडतो आणि इंजिन बरंच तापल्यावरच फॅन सुरू होतो. हा दोष हमखास नजरेतून सुटतो. फॅन ठीक असेल तर कंडेन्सरवर पाण्याची हलकी फवारणी करा. दोन-तीन मिनिटांत हवा गार झाली, तर उष्णता बाहेर पडत नाहीये हे नक्की. मग कंडेन्सर आणि रेडिएटरच्या मधला कचरा काढा. प्रेशरची धार मारू नका, त्यांचे पत्र्याचे पातळ पापुद्रे वाकतात.

प्रश्न : कात्रज घाट चढताना तापमानाचा काटा वर सरकतो आणि एसी आपोआप बंद होतो.

इंजिन वाचवण्यासाठी ईसीयू, म्हणजे इंजिन सांभाळणारा संगणकच, एसीचा गॅस दाबणारा कॉम्प्रेसर बंद करतो. ही सोय बायपास करून देणाऱ्या गॅरेजात गाडी देऊ नका. काटा वर जाऊ लागला तर एसी बंद, हीटर आणि ब्लोअर फुल करा. इंजिनची थोडी उष्णता आत ओढली जाते. तरी चढला तर बाजूला थांबून इंजिन बंद करा. गरम रेडिएटरचं झाकण उघडू नका. घरी आल्यावर, इंजिन थंड असताना कूलंटची (इंजिन गार ठेवणाऱ्या द्रवाची) पातळी तपासा, मग थर्मोस्टॅट, म्हणजे तापमानानुसार कूलंट सोडणारी झडप. बोअरचं पाणी टाकत असाल तर आतल्या नळ्यांत क्षार साचतात. कूलंट आणि डिस्टिल्ड पाणी निम्मं-निम्मं घाला.

प्रश्न : सकाळी पहिली पाच मिनिटं गार, नंतर कोमट. फॅन चांगला आहे.

डॅशबोर्डमधली गरम-गार हवा मिसळणारी झडप पूर्ण मिटत नसावी. इंजिन थंड असेपर्यंत हीटरही थंडच असतो, म्हणून फरक कळत नाही.

प्रश्न : दर उन्हाळ्यात गॅस भरावा का?

नाही. एसीचा गॅस वापरून संपत नाही. कमी झाला तर आधी गळती शोधा. आणि तो बॉनेटखालच्या स्टिकरवरच्या ग्रॅमनुसार वजन करूनच भरायला सांगा. जास्त भरला तर दाब वाढतो आणि सिग्नलवर हवा आणखीच गरम येते.