दोन कंपन्यांच्या ताळेबंदांची तुलना करताना नेमके कोणते रेशो पाहावेत?

रेशोंची यादी बीकॉमच्या कुठल्याही पुस्तकात मिळेल. मी पंचवीस वर्षं गोव्यात फोंड्याला लोकांचे हिशेब लिहिले आणि याच प्रश्नावरून घरात माझं भाच्याशी वाजलेलं आहे, म्हणून लिहितोय.

2012 चा जुलै. भावोजींकडे जमीन विकल्याचे पैसे आले होते. त्यातले 15 लाख घालून एका धंद्यात भाग घ्यायचा त्यांचा विचार. समोर दोन प्रायव्हेट लिमिटेड, दोन्ही ओळखीतल्या. एकाचे कुडचड्याला खनिज वाहणारे ट्रक, दुसऱ्याचा म्हापशाला किराणा मालाचा घाऊक धंदा. भाचा नुकताच एमबीए होऊन आलेला. त्याने एक्सेलमध्ये चौदा रेशो काढले, चांगले ते हिरवे, वाईट ते लाल. ट्रकवाल्याचा करंट रेशो (वर्षभरात रोख होणारी मालमत्ता भागिले वर्षभरात फेडायची देणी) 1.9, नफा 22 लाख. किराणावाल्याचा रेशो 1.1, नफा 7 लाख. निकाल लागलाच!

मी म्हटलं, ताळेबंदाला जोडलेल्या खुलाशाच्या नोट्स दाखव. त्याने त्या छापल्याच नव्हत्या.

दुसऱ्या दिवशी मागवून घेतल्या. ट्रकवाल्याची उलाढाल 3.60 कोटींवरून 4 कोटी झालेली आणि येणी, म्हणजे गिऱ्हाइकांकडून यायचे पैसे, 60 लाखांवरून 1.60 कोटी. म्हणजे आदल्या वर्षी बिलाचे पैसे 61 दिवसांत यायचे, आता 146. त्यातही सहा महिन्यांहून जुनी येणी 62 लाख, वेगळी दाखवलेली. पेन्सिलीने तिथेच हिशेब मांडला: नफा 22, घसारा (ट्रकांच्या झिजेचा खर्च, रोख जात नाही) 30 परत मिळवला, वाढलेली येणी 100 वजा केली. उणे 48 लाख. मग डिझेल आणि ड्रायव्हरांचे पगार कुठून गेले? ओव्हरड्राफ्टमधून, दुसरं काय. करंट रेशोत मात्र हीच अडकलेली येणी ‘मालमत्ता’ म्हणून ऐटीत बसलेली.

किराणावाल्याची येणी 30 दिवसांची. उधारीवर घ्यायचं, विकून महिन्याभरात वसूल करायचं, त्यामुळे रेशो 1.1 दिसणारच. तो आजार नव्हे, तो धंदा आहे.

भावोजी म्हणाले, ‘‘तुका कितें कळटा, तो पोरगो शिकून आयला.’’ पैसे श्रावणात ट्रकवाल्याकडे गेले. सप्टेंबरात, गणेशचतुर्थीच्या, आमच्या चवथीच्या तोंडावर, सरकारने खाणी बंद केल्या.

तर तुमच्या प्रश्नाकडे येतो. आधी दोन्ही कंपन्यांची नफा-तोटा पत्रकं टक्केवारीत मांडा, विक्री 100 धरून. पाच वर्षं शेजारीशेजारी ठेवा, एका वर्षावरून काहीच कळत नाही. मग नफा आणि धंद्यातून प्रत्यक्ष आलेली रोकड यांची पाच वर्षांची बेरीज वेगवेगळी करून एकमेकींशी ताडून बघा. येणी किती जुनी आहेत याचा तक्ता 2021 पासून नोट्समध्ये द्यावाच लागतो, तो न बघणाऱ्याने शेअर घेऊ नये. एकाचा घसारा सरळ रेषेचा (दर वर्षी सारखाच) आणि दुसऱ्याचा घटत्या बाकीवर (आधी जास्त, मग कमी) असेल तर निव्वळ नफ्याची तुलना फुकट. एकाचं कन्सॉलिडेटेड (उपकंपन्या धरून) आणि दुसऱ्याचं स्टँडअलोन (एकट्या कंपनीचं) पत्रक घेऊन बसणारे तर मी रोज बघतो.

रोकडही डोळे झाकून मानू नका. सत्यम या सॉफ्टवेअर कंपनीने बँकेत दाखवलेले 5,040 कोटी नव्हतेच, हे 2009 च्या जानेवारीत त्यांच्याच अध्यक्षाने लिहून दिलं.

हे सगळं बँका आणि विमा कंपन्यांना लागू नाही, त्यांचं गणितच वेगळं. आणि खरं सांगायचं तर ट्रक आणि किराणा यांची तुलना मुळात करायचीच नसते, एकाच धंद्यातल्या दोघांची करतात. ते मीही तेव्हा बोललो नाही. खाणबंदी मलाही दिसली नव्हती.

भाचा अजून म्हणतो, ‘‘मामा, बंदी आली म्हणून पैसे बुडाले, आकडे बरोबर होते.’’ बंदी सप्टेंबरातली. जुन्या येण्यांचे 62 लाख 31 मार्चच्या ताळेबंदात आहेत. ती झेरॉक्स, आकड्याखाली माझी पेन्सिलीची रेघ असलेली, कपाटात आहे. दर चवथीला तो जेवायला येतो, पण ती त्याने अजून मागितलेली नाही.