मुलाखतीच्या आधीचं काम

प्रिय मित्रा,

एचआरमध्ये रुजू होताच तू मुलाखतीच्या प्रश्नांची यादी मागितलीस. देतो, पण मुलाखत म्हणजे निवड. भरती त्याच्या बरीच आधी सुरू होते. जागा नेमकी कशासाठी आहे हे ठरवायचं आणि ते काम ज्यांना जमेल त्यांच्यापर्यंत पोचायचं. आलेल्या अर्जांत योग्य माणूसच नसेल, तर मुलाखत कितीही कसून घे, त्यातल्या त्यात बरा तोच हाती लागणार.

मॅनेजर तुझ्याकडे जुनीच जाहिरात सरकवतील: ‘किमान पाच वर्षांचा अनुभव, दबावाखाली काम करण्याची तयारी.’ ती तशीच टाकू नकोस. त्यांच्यासमोर बस आणि विचार, या माणसाला पहिल्या तीन महिन्यांत कोणतं काम एकट्याने निभावता आलं पाहिजे? उत्तर मिळेपर्यंत उठू नकोस. पुष्कळदा ती पाच वर्षं आपोआप गळतात. गळू देत. २०२२ मध्ये मानसशास्त्रज्ञ पॉल सॅकेट आणि सहकाऱ्यांनी निवडपद्धतींवरचं जुनं संशोधन पुन्हा तपासलं, तेव्हा माणूस पुढे काम कसं करेल याचा अंदाज देण्यात नुसती अनुभवाची वर्षं जवळपास तळाला होती. सर्वांत वर होती आखीव मुलाखत.

आखीव म्हणजे सगळ्यांना तेच प्रश्न आणि गुण कशाला द्यायचे हे आधीच ठरलेलं. ‘स्वतःबद्दल सांगा’ खुशाल विचार, पण त्याला गुण देऊ नकोस. त्यापेक्षा असं विचार: ‘एकाच वेळी दोन ग्राहक चिडले होते असा प्रसंग सांगा. आधी कोणाला फोन केलात, आणि का?’ उमेदवार बाहेर पडला की गुण लगेच लिही. संध्याकाळी सगळ्यांचे एकदम लिहायला बसलास की गोड बोलणाराच आठवतो.

ओळखीतून आलेली नावं जरूर घे, पण तेवढ्यावर थांबलास तर ऑफिसात सगळे एकाच कॉलेजचे जमतात. पगाराचा आकडा जाहिरातीतच द्यावा, असं माझं मत. लपवून शेवटच्या फेरीत सांगितला तर दोघांचाही वेळ फुकट जातो.

आणि हो, ऑफर लेटर गेलं म्हणजे जागा भरली असं समजू नकोस. नोटीस पिरियडमध्ये जुनी कंपनी पगार वाढवून देते, तिसरीच कोणी ऑफर पुढे करते. मधेमधे फोन करत जा. दुसऱ्या क्रमांकाच्या उमेदवाराला तोवर ताटकळत ठेवू नकोस. काय चाललंय ते त्याला सरळ सांग.

तुझा,
जुना सहकारी