चौथ्या मितीकडे धावण्याआधी

थेट स्मूथ पॉइनकारे अनुमानावर (गोलासारखा ताणता-वाकवता येणारा अवकाश गुळगुळीत, म्हणजे विकलन करता येईल अशा अर्थानेही गोलच असतो का, हा प्रश्न) उडी मारायचा मोह समजतो, पण आधी एक दिवस साध्या वास्तव रेषेवर घालव. तिच्यावर 'क्ष चा घन' हा एकच चार्ट, म्हणजे बिंदूंना आकडे देण्याची पद्धत, घे. नेहमीच्या चार्टशी तो जुळत नाही, कारण शून्यापाशी घनमुळाचा विकलज निघत नाही. मग स्मूथ रचना, म्हणजे कोणती फलनं गुळगुळीत मानायची हे ठरवणारी चौकट, वेगळी झाली का? झाली. पण घन करणारं फलनच या दोन रचनांमधलं डिफिओमॉर्फिझम (दोन्ही बाजूंनी गुळगुळीत असणारी एकास-एक जुळणी) आहे, म्हणजे नवीन काहीच हाती लागलं नाही! हा फरक अंगवळणी पडल्याशिवाय मिल्नरने १९५६ मध्ये दाखवलेले सात मितींचे विचित्र गोल (आकाराने गोलच, पण ज्यांची स्मूथ रचना नेहमीच्या गोलाशी अशी जुळवता येत नाही) एवढे का गाजले, ते कळणार नाही.

सार्डचं प्रमेय (गुळगुळीत फलनाच्या अडचणीच्या किमती नगण्य असतात, असं सांगणारं) वापरायला शीक, सिद्धता नंतर वाचली तरी चालेल. ट्रान्सव्हर्सॅलिटीवर, म्हणजे आकृत्या एकमेकींना नुसत्या न स्पर्शता स्वच्छ छेदतील अशा हलवण्यावर, मात्र घाई नको, सगळा खेळ तिथेच आहे. पाच मितींत दोन मितींची चकती जराशी हलवली की ती स्वतःला छेदत नाही, कारण दोन अधिक दोन पाचापेक्षा कमी. चार मितींत सुटे छेदबिंदू उरू शकतात, आणि व्हिटनीची युक्ती (अशा चकतीवरून सरकवून नको असलेले छेदबिंदू काढून टाकण्याची) तिथे अडते. म्हणूनच चार मितींच्या साध्या (युक्लिडीय) अवकाशावर अगणनीय इतक्या भिन्न स्मूथ रचना आहेत, बाकी प्रत्येक मितीत, डिफिओमॉर्फिझमने जुळणाऱ्या रचना एकच धरल्या तर, एकच.

चार मितींच्या गोलावर विचित्र रचना आहे का, हे अजून कोणालाच माहीत नाही. तो प्रश्न वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेव आणि सध्या चकतीचं चित्र काढ.