वाचकांचे प्रश्न : ‘टेड’ची व्याख्याने

प्रश्न : ‘टेड’ परिषदेतील व्याख्याने पाहण्यासाठी पैसे भरावे लागतात का? भराभर बोललेले इंग्रजी मला समजत नाही.

उत्तर : मुळीच नाही. १९८४ मध्ये कॅलिफोर्नियातील मॉंटेरे येथे सुरू झालेल्या, तंत्रज्ञान, मनोरंजन आणि डिझाइन यांतील नव्या कल्पना मांडणाऱ्या या परिषदेचे प्रवेशशुल्क सामान्यांच्या आवाक्याबाहेरचे असले, तरी २००६ पासून तेथील निवडक व्याख्याने संकेतस्थळावर सर्वांसाठी मोफत खुली आहेत, आणि हे मला फार मोलाचे वाटते. व्याख्यानासोबतची लिखित संहिता उघडून अडलेल्या वाक्यावर टिचकी मारावी; चित्रफीत तेथूनच पुन्हा सुरू होते. काही व्याख्यानांना स्वयंसेवकांनी केलेली मराठी उपशीर्षकेही आहेत. आरंभ स्वीडनचे डॉक्टर व आकडेवारीचे अभ्यासक हान्स रोझलिंग यांच्या २००६ च्या व्याख्यानाने करावा : पडद्यावर सरकणाऱ्या रंगीत बुडबुड्यांतून देशोदेशींचे आयुर्मान कसे वाढत गेले, हे डोळ्यांसमोर उलगडते.