रीबूटनंतर जुने लॉग कुठे जातात?

प्रश्न : विंडोज सर्व्हरवर चुकलेले लॉगिन इव्हेंट व्ह्यूअरमध्ये ४६२५ क्रमांकाने सापडायचे. आता रेड हॅट लिनक्स आहे. इथे क्रमांकच नाहीत, आणि रीबूटनंतर जर्नल (सिस्टमच्या नोंदींचा साठा) रिकामं दिसतं. काय करावं?

उत्तर : आधी दुसरं दुखणं, कारण नुकसान तिथेच होतं. रेड हॅटवर जर्नल मुळात '/रन' मध्ये, म्हणजे मेमरीत राहतं. मशीन बंद पडलं की ते पुसलं जातं. 'जर्नलडी डॉट कॉन्फ' फाइलमध्ये 'स्टोरेज' ची किंमत 'पर्सिस्टंट' (म्हणजे डिस्कवर कायम) करा, 'सिस्टमडी-जर्नलडी' सेवा रीस्टार्ट करा आणि 'जर्नलसीटीएल' ही जर्नल वाचायची कमांड 'फ्लश' पर्याय देऊन एकदा चालवा, म्हणजे मेमरीतल्या नोंदी डिस्कवर जातात. जागेची फार काळजी नको : मर्यादा दिली नाही तर जर्नल त्या फाइलसिस्टमच्या १० टक्क्यांवर जात नाही, आणि कमाल ४ जीबी. आधीचं सगळंच गेलं असंही समजू नका; आर-सिसलॉग (नोंदी साध्या फाइलमध्ये लिहिणारी वेगळी सेवा) चालू असेल तर लॉगिनच्या नोंदी '/व्हार/लॉग/सिक्युअर' मध्ये असतात.

क्रमांकांची सवय मात्र सोडावी लागेल. इथे सेवा, वेळ आणि तीव्रता यांवरून शोधायचं. 'जर्नलसीटीएल' च्या 'यू' (सेवेचं नाव) पर्यायाला 'एसएसएचडी', म्हणजे दुरून लॉगिन करू देणारी सेवा, द्या आणि 'फेल्ड पासवर्ड' हे शब्द असलेल्या ओळीच निवडा. ओळीत युजर, आयपी, पोर्ट तिन्ही मिळतात. उबुंटूवर त्याच सेवेचं नाव 'एसएसएच' आहे, तिथे हमखास गफलत होते. 'पी' (तीव्रता) पर्यायाला ३ दिलं की एरर आणि त्याहून गंभीर तेवढंच दिसतं, पण चुकलेले पासवर्ड त्यात येत नाहीत : त्यांची पातळी ६ असते, आणि आकडा जितका मोठा तितकं गांभीर्य कमी.