ओनोरे दोमिए हा फ्रेंच कलावंत नुसता व्यंगचित्रकार होता का?

नाही. पोटासाठी त्याने आयुष्यभर वृत्तपत्रांना व्यंगचित्रं दिली, म्हणून तो शिक्का बसला. १८०८ साली मार्सेयला जन्म, वाढला पॅरिसमध्ये. दगडावर तेलकट खडूने चित्र काढून छापायचं, ते शिळामुद्रण हे त्याचं हत्यार. अशी सुमारे चार हजार चित्रं त्याने केली. प्रजेचा पैसा गिळणारा राजा लुई-फिलिप काढला, तेव्हा सहा महिन्यांची कैद झाली.

पण १८३४ चं ‘र्‍यू त्रांस्नोनँ’ बघाच. पॅरिसमधल्या या नावाच्या रस्त्यावर सैनिकांनी एका घरात शिरून रहिवाशांना मारलं होतं. चित्रात पलंगाशी पडलेला, रात्रीच्या कपड्यांतला माणूस, त्याच्या अंगाखाली चिरडलेलं मूल. सैनिक एकही नाही. यात व्यंग कुठे आहे? मला तरी हे त्याचं सर्वांत थोर काम वाटतं.

तैलचित्रं त्याच्या हयातीत फारशी कुणी पाहिली नाहीत. ‘तिसऱ्या वर्गाचा डबा’मधली टोपली घेऊन बसलेली थकलेली म्हातारी एकदा पाहिली की विसरत नाही. पुढे दृष्टी गेली, हलाखी आली. चित्रकार कोरोने मदत केली. १८७८ मध्ये पॅरिसला त्याच्या चित्रांचं मोठं प्रदर्शन भरलं. पुढच्याच वर्षी तो गेला.